रेडियमच्या दुकानातून टूरिंग किटपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापुरात उद्यमनगरच्या वाटेवर अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, रेडियमचं दुकान. नंबर प्लेटा, टेम्पोच्या मागे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, उसाच्या ट्रॉलीला लाल पट्ट्या. मी लग्न होऊन आले तेव्हा अण्णा अक्षरं ब्लेडनं हातानंच कापायचे. पुढे कर्ज काढून कटिंग प्लॉटर, म्हणजे कॉम्प्युटरवरून स्टिकर कापणारं मशीन, घेतला आणि तो चालवायला मी शिकले. पण रोजचा गल्ला भरायचा तो नंबर प्लेटांवरच. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे सरकारी नियमाची सुरक्षित नंबर प्लेट, आली आणि आमचं निम्म्याहून जास्त काम हातातून गेलं. अण्णा दिवसभर काउंटरवर बसून राहायचे, ते बघवायचं नाही.

तेव्हा लक्ष गेलं शनिवारच्या गिऱ्हाइकांकडे. उद्या पहाटे गगनबावड्यानं कोकणात नाहीतर आंबोलीमार्गे गोव्याला निघायचं, म्हणून पोरं आज एखादी पट्टी लावून घ्यायला यायची. सगळ्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकली : थंडरबर्ड, हिमालयन, डॉमिनार, अ‍ॅव्हेंजर. गाडी काही वर्षांची, इंजिन ठणठणीत, पण काळं प्लॅस्टिक उन्हानं पांढुरकं झालेलं, लेगगार्डला गंज, टाकीवर जॅकेटच्या चेनचे ओरखडे. पेंटरकडे गेलं की हजारांतला आकडा ऐकायचा आणि आठवडाभर गाडी सोडायची. एवढ्यासाठी एवढं कशाला, असं त्यांना वाटायचं आणि ते बरोबरच होतं.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद आणि लोकांच्या गाड्या दारात उभ्या. ‘वहिनी, घरच्या घरी काय करता येईल का?’ असे फोन सुरू झाले. मी घरात प्लॉटर मांडला आणि मापं घेऊन रिम टेप, टाकीची पट्टी, साइड कव्हरची नक्षी कापायला लागले. पार्सलं सुरू झाल्यावर पहिली टूरिंग किटं, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी घरी सजवायच्या साहित्याचे डबे, बाहेर पडली, आणि पंधरा दिवसांत तक्रारी आल्या : पट्टी सुटली. माल चांगला होता. रिमवर चेन ल्यूबचे, म्हणजे साखळीच्या वंगणाचे, बारीक शिंतोडे असतात आणि टाकीवर चमक आणणाऱ्या पॉलिशचा सिलिकॉन. त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. आज आमच्या डब्यात सगळ्यात वर स्टिकर नसतो, दोन स्वच्छ कापडं असतात आणि एक चिठ्ठी : ‘आधी शाम्पूच्या पाण्यानं धुवा. मग मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून पुसा. त्यानंतर पृष्ठभागाला बोट लावू नका.’ तक्रारी बहुतेक तिथंच थांबल्या.

टाकीवरची रेघ हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा चेन्नईच्या कारखान्यात कारागीर हातानं ओढतात, ते काम वेगळंच. पण तीन मिलिमीटरची टेप घेऊन घरीही सुरेख रेघ येते. टेपचं टोक टाकीच्या पुढच्या कडेला चिकटवायचं, रीळ उजव्या हातात हातभर लांब धरायचं आणि डोळे बोटाकडे नाही, रेघ जिथं संपणार त्या जागेवर ठेवायचे. हात आपोआप तिकडे जातो. वळणावर टेप ओढायची नाही. ओढलेलं व्हिनाइल, म्हणजे टेपचं पातळ प्लॅस्टिक, पुढे आकसतं आणि आठवड्यात टोकं उचलतात. रेघ मनासारखी बसली की मगच अंगठ्यानं दाबायची. दुकानात आम्ही एक जुनी टाकी लोखंडी स्टँडवर बसवली आहे. गिऱ्हाइकानं तिच्यावर दोनदा सराव केल्याशिवाय मी रीळ देत नाही.

एक चूक आमच्याकडून झाली, ती इथं सांगायलाच हवी. सुरुवातीला आम्ही टाकीच्या टचअपसाठी साध्या क्लिअर लॅकरचा, म्हणजे रंगावर मारायच्या पारदर्शक थराचा, स्प्रे द्यायचो. गडहिंग्लजच्या एका सरांनी फार निगुतीनं काळी थंडरबर्ड रंगवली, अगदी आरशासारखी. पुढच्याच ट्रिपला निपाणीत पेट्रोल भरताना थोडं सांडलं. बेळगावला चहाला थांबले तर झाकणाभोवतीचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. ते थेट दुकानात आले. ‘वहिनी, हे बघा की काय झालंय.’ ओरडले नाहीत, म्हणून जास्त लागलं. साधं लॅकर नुसतं वाळतं, त्याच्यात थर कडक करणारा हार्डनर नसतो, म्हणून पेट्रोल त्याला मऊ करतं. हार्डनर मिसळलेलं, दोन भागांचं टू-के क्लिअर पेट्रोलला टिकतं, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. योग्य मास्कशिवाय, बंद खोलीत ते मारूच नये. सरांची टाकी आम्ही आमच्या खर्चानं पेंटरकडून करून दिली. तेव्हापासून टाकीसाठी आमच्याकडे व्हिनाइल आणि रबरी पॅडच. स्प्रे फक्त साइड कव्हर आणि मडगार्डसाठी. सायलेन्सरला उष्णता सोसणारा वेगळा रंग लागतो, तो वेगळ्या कप्प्यात ठेवतो.

काही गोष्टी आम्ही विकतच नाही. लेगगार्डच्या क्रोमवर हलका गंज असेल तर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून घासा. क्रोमपेक्षा ती मऊ असते, ओरखडा पडत नाही. पुसून वर मेण लावा. क्रोमच निघून खाली खड्डे पडले असतील तर मात्र तो पाइप बदलायचाच. टेल लॅम्पवर काळी फिल्म मागितली तर मी नाही म्हणते. घाटात धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला तो दिवा दिसला पाहिजे. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या, असं सांगते. त्यापायी गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता दुकानात आम्ही चौघं आहोत. अण्णा थकलेत, पण परावर्तक पट्ट्या अजून तेच कापतात, साइड बॉक्सच्या, म्हणजे गाडीच्या बाजूला लावायच्या सामानाच्या पेट्यांच्या, मागच्या लाल पट्ट्या तर कुणाला हात लावू देत नाहीत. स्प्रेचे डबे ज्वलनशील म्हणून पार्सलनं जात नाहीत, काउंटरवरच मिळतात. जून ते सप्टेंबर तेही बंद. हवेत ओल असली की क्लिअरवर पांढुरकी झाक चढते. कणकवली, सावंतवाडीहून फोन येतात, त्यांना दसऱ्यापर्यंत थांबायला सांगते. तोवर सीटचं रेक्झिन काढून खालचा फोम वाळवून ठेवा म्हणते, शिवणीतून पाणी गेलेलं असतंच.