मिस मॅटीची पाच सोन्याची नाणी आणि आमच्या घरातला स्टीलचा डबा

आमच्या घरी एक स्टीलचा डबा आहे, दोनेक किलो शेंगदाणे मावतील एवढा, झाकणावर एका पतसंस्थेचं नाव आणि खाली 'रौप्यमहोत्सवी वर्ष' असं कोरलंय. ती पतसंस्था बुडून आता बारा-तेरा वर्षं झाली, डबा मात्र ठणठणीत आहे. गेल्या आठवड्यात माहेरी गेले होते तर आई त्यातूनच दाणे काढत होती भाजायला, आणि माझ्या डोक्यात तेव्हा एलिझाबेथ गॅस्केलची 'क्रॅनफर्ड' ही जुनी इंग्रजी कादंबरी चालू होती, म्हणून हे सगळं सुचलं. नाहीतर डब्यावर कोण पोस्ट लिहितं.

तर झालंय असं की गेले दोन महिने मी व्हिक्टोरियन कादंबऱ्यांच्या मागे लागलेय. या विषयावर कुणाशी बोलायला जावं तर गाडी दोनच स्टेशनांवर थांबते, एक ऑलिव्हर ट्विस्ट, वाटी पुढे करून अजून पेज मागणारा, आणि दुसरा स्क्रूज, तो कंजूष मालक. मला दोघंही आवडतात, नाही असं नाही. पण स्क्रूजचा मला जरा रागच आहे. १८४३ च्या डिसेंबरात डिकन्सचं हे पुस्तक आलं, 'अ ख्रिसमस कॅरोल', त्यात त्याच्या कारकुनाला, बॉब क्रॅचिटला, आठवड्याला पंधरा शिलिंग पगार, घरात आजारी पोरगं, आणि यावर उपाय काय तर मालकाला एका रात्रीत भुतं दिसतात, तो सुधारतो आणि सकाळी टर्की पाठवतो. अहो पण ज्यांच्या मालकांना भुतं दिसत नाहीत त्यांनी काय करायचं? श्रीमंत माणूस एक तर वाईट नाहीतर सुधारलेला, आणि आपण वाचणारे मस्त बाजूला बसून डोळे पुसायला मोकळे.

क्रॅनफर्डमध्ये असं बाजूला बसता येत नाही. म्हणजे वाटतं सुरुवातीला, कारण पुस्तक अगदीच बारकं आणि घरगुती आहे, डिकन्सच्याच साप्ताहिकात १८५१ ते १८५३ असं तुकड्या-तुकड्याने आलेलं. एक छोटं गाव, त्यात सगळ्या वयस्कर बायका, कुणी अविवाहित कुणी विधवा, पैसे बेताचे पण ते कुणी बोलून दाखवायचं नाही. मिस मॅटी ही त्यातली सगळ्यात मऊ बाई. वडील चर्चमध्ये पाद्री होते, थोरली बहीण डेबोरा कर्तबगार, तिनेच घरातले पैसे टाउन अँड काउंटी बँकेच्या शेअर्समध्ये घातले आणि वारली. मॅटीला हिशेबातलं ओ की ठो कळत नाही.

आणि मग तो दुकानातला प्रसंग येतो. आधी एक सांगायला हवं की त्या काळात इंग्लंडातल्या गावोगावच्या बँका स्वतःच्या नोटा छापायच्या, १८४४ च्या कायद्याने नव्यांना बंदी केली पण जुन्यांचं चालूच राहिलं. त्यामुळे बँक बुडाली की खिशातली नोट म्हणजे रद्दी. तर मॅटी वसंत ऋतूसाठी नवा रेशमी झगा शिवायचा म्हणून पाच सोन्याची नाणी घेऊन दुकानात गेलीय. तिथे एक शेतकरी बायकोसाठी शाल घेतोय, आणि पाच पौंडाची नोट पुढे करतो. दुकानातला पोरगा नोट निरखून बघतो, म्हणतो ही टाउन अँड काउंटीची आहे, ही आम्ही घेणार नाही, बँक डळमळीत असल्याचं आजच कळवलंय आम्हाला.

तो शेतकरी काय करतो बघा. आरडाओरडा नाही. तो मनातल्या मनात यादी कमी करायला लागतो. शाल परत घ्या, लिझी तिच्या जुन्या झग्यावरच भागवेल अजून काही दिवस. पोरांना अंजीर कबूल केलेत, तेवढे नेतो. पण तंबाखू आणि बाकीचं राहू दे. हे वाचताना मला एकदम आमच्या वाण्याच्या दुकानातली माणसं दिसली, वजन झालेल्या पुड्यांमधून एकेक बाजूला सरकवणारी, आणि शेवटपर्यंत पोरांचं ते बाजूला न सरकवणारी.

तेवढ्यात मॅटी बोलते. तुमच्या नोटेचे पाच सॉव्हरिन, म्हणजे एकेक पौंडाची ती सोन्याची नाणी, मी देते. दुकानातला पोरगा समजावतो, बरोबर आलेली मेरी, जी आपल्याला गोष्ट सांगतेय, ती पण हलकेच अडवायला बघते, पण बाई ऐकत नाही. तिला नीट सांगताही येत नाही ती हे का करतेय, अडखळत एवढंच म्हणते की मला व्यवहारातलं काही कळत नाही, पण बँक बुडणार असेल आणि प्रामाणिक माणसांनी आमच्या नोटा घेतल्या म्हणून त्यांचं नुकसान होणार असेल, तर... आणि पुढचं तिला सुचत नाही. नाणी देऊन टाकते, नोट घेते. झगा काय, राहील थोडे दिवस.

'आमच्या नोटा.' मी त्या शब्दावर अडकले. तिचे किती शेअर्स, तिला कोण विचारतं, संचालकांच्या बैठकीत तिला जागा नाही, नुसतं भागधारकांच्या सभेचं पत्र तेवढं आलेलं. तरी बँक 'आमची'.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी येते, बँकेने पैसे देणं थांबवलं. मॅटीचं वर्षाचं एकशे एकोणपन्नास पौंड तेरा शिलिंग चार पेन्सचं उत्पन्न गेलं, हाती राहिले वर्षाला तेरा पौंड. म्हणजे ती पाच नाणी तिच्या नव्या आयुष्याच्या जवळजवळ पाच महिन्यांच्या उत्पन्नाएवढी होती!

आता आमच्याकडचं. बाबा त्या पतसंस्थेचे सभासद होते, पाच हजाराचे शेअर्स. दरवर्षी बारा टक्के लाभांश यायचा, सहाशे रुपये, शिवाय वार्षिक सर्वसाधारण सभेला गेलं की वडा-चहा आणि भेटवस्तू. तोच तो डबा. एकदा बॅग, एकदा भिंतीवरचं घड्याळ. मी लहानपणी एक-दोनदा गेलेय बाबांबरोबर. व्यासपीठावर हार-तुरे, अहवाल वाचल्यासारखा वाचायचा, मग एकजण माइकवर 'विषय क्रमांक चार, मंजूर?' आणि खालून सगळे 'मंजूऽऽर'. वडे गार व्हायच्या आत सगळं आटपायचं. बाबाही ओरडायचे मंजूर. मी पण ओरडले असेन, मजा वाटायची.

मग एक दिवस शटर खाली. संचालकांनी आपल्याच गोतावळ्याला कर्जं दिली होती, तारण कागदावर. पुढे प्रशासक, मग गाशा गुंडाळायला अवसायक, ठेवीदारांचे मोर्चे, सगळं नेहमीचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी भाजी घेऊन बसायच्या, त्यांचं पिग्मी खातं होतं तिथे, रोजचे वीस-तीस रुपये एजंट येऊन घेऊन जायचा आणि कार्डावर सही करायचा. मुलीच्या लग्नासाठी साठवत होत्या. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कंबरेला खोचलेलं असायचं. पतसंस्था बंद झाल्यावरही कितीतरी दिवस ते तसंच खोचलेलं होतं, आई भाजी घ्यायला गेली की त्या विचारायच्या, ताई, साहेब काय म्हणतात, मिळतील का? साहेब म्हणजे बाबा, कारण बाबा सभासद. आई म्हणायची, बघू या, काय ते करतायत ते लोक.

'ते लोक.' आमच्या घरात हेच चालायचं, 'त्यांनी' खाल्ली, 'त्यांनी' बुडवली, आणि खोटं नव्हतंच ते. पण क्रॅनफर्ड वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, त्या मावशी ठेवीदार होत्या, आपण भागधारक होतो. कागदोपत्री तरी आपणच मालक. सहाशे रुपये वर्षाला आपण खाल्ले, वडे आपण खाल्ले, मंजूर आपण म्हटलं. बाबांनी मावशींना खिशातून भरून द्यायला हवं होतं असं मी म्हणत नाहीये, बाबांचेच हप्ते चालू होते तेव्हा. पण 'आमची' हा शब्द कधी आला नाही तोंडात. लाभांशाच्या वेळी मात्र 'आपली' पतसंस्था म्हणायचो बरं का.

गॅस्केलबाई मॅटीला देवीबिवी करत नाहीत हे मला फार आवडलं. मेरीच्या वडिलांना, जे पक्के व्यापारी, हा भाबडेपणाच वाटतो. पुढे मॅटी चहापत्ती विकायला लागते, पण आधी गावातल्या दुकानदाराला जाऊन विचारते की तुमच्या धंद्याला त्रास नाही ना होणार, तर मेरीचे वडील म्हणतात असं क्रॅनफर्डमध्ये चालेल, जगात नाही चालायचं. आणि लगेच मेरी आपल्याला हळूच सांगते की बाबा एवढे सावध, सगळ्यांवर संशय घेणारे, तरी गेल्याच वर्षी लबाडांनी त्यांना हजार पौंडांहून जास्तीला बुडवलं. आणि तो दुकानदार? तो आपली गिऱ्हाइकं मॅटीकडे पाठवत राहतो, माझा चहा साधा आहे, चांगला हवा तर तिकडे जा म्हणून.

डिकन्सने चारेक वर्षांनी हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगितली. 'लिटल डॉरिट'मधला मर्डल, लंडनचा मोठा बँकवाला, त्याच्या घरी जेवायला बिशप काय, न्यायाधीश काय, नक्की धंदा काय करतो हे कुणालाच ठाऊक नाही आणि विचारायची छातीही नाही. शेवटच्या संध्याकाळी तो सुनेच्या घरी जातो, पेन तासायचा छोटा चाकू मागतो, ती शिंपल्याच्या मुठीचा देऊ करते तर म्हणतो गडद मुठीचा आहे का, मग कासवाच्या पाठीच्या मुठीचा घेतो, आणि वचन देतो की शाई लागू देणार नाही. हमामखान्यात त्याच चाकूने जीव देतो. अंगावर काटा येतो ते वाचून. मर्डलमागे खरा माणूस होता, जॉन सॅडलिअर, आयर्लंडातली टिपररी बँक धुऊन खाल्ली आणि फेब्रुवारी १८५६ मध्ये हॅम्पस्टेडच्या माळावर विष पिऊन मेला. पण मला मर्डलपेक्षा त्याच कादंबरीतला आर्थर क्लेनम जास्त लक्षात राहिला, त्याने भागीदाराला न विचारता कंपनीचे पैसे मर्डलकडे लावलेले असतात, ते बुडाल्यावर तो जाहीर लिहून देतो की चूक माझी, भागीदाराचा दोष नाही, आणि मार्शलसीच्या कर्जदारांच्या तुरुंगात जाऊन बसतो. डिकन्सला तो तुरुंग आतून ठाऊक होता, १८२४ मध्ये त्याचे वडील एका बेकरीवाल्याच्या चाळीस पौंडांपायी तिथेच होते आणि हा बारा वर्षांचा पोरगा बूटपॉलिशच्या बाटल्यांना लेबलं चिकटवत होता, आठवड्याला सहा शिलिंगवर.

(अँथनी ट्रोलपच्या 'द वे वी लिव्ह नाऊ'मधल्या मेलमॉटचं, आणखी एका लबाड पैसेवाल्याचं, नुसतं नाव घेते, १८७५ ची कादंबरी, त्यातली रेल्वे कंपनीच्या संचालकांची बैठक वाचाच, कागद वाचल्यासारखा करतात, सह्या करतात आणि उठतात. फक्त वडे नाहीत.)

आता कुणी म्हणेल की हे सगळं कादंबरीत ठीक आहे. पण त्या काळात हे कायद्यातही होतं की! भागधारकाची जबाबदारी अमर्याद, कंपनी बुडाली तर घरदार विकून देणी फेडा. म्हणजे काटेकोर पाहिलं तर मॅटीच्या उरलेल्या तेरा पौंडांवरही घेणेकरी येऊ शकले असते, गॅस्केलबाईंनी ते सोडून दिलंय. १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदा आला पण बँकांना तो लगेच लागू नव्हता, आणि नंतरही बऱ्याच बँकांनी घेतला नाही. सिटी ऑफ ग्लासगो बँक १८७८ च्या ऑक्टोबरात बुडाली तेव्हा १,८१९ भागधारकांपैकी फक्त २५४ जण दिवाळखोरीतून वाचले. त्यात ढीगभर मॅटी असणार. त्यामुळे मला जुना कायदा परत आणा वगैरे अजिबात म्हणायचं नाहीये, बाबांचं घर गेलं असतं त्यात. फक्त कायद्याने रकमेला मर्यादा घातली, पाच हजार गेले, विषय संपला, आणि आपण ती मर्यादा मनालाही लावून घेतली असं काहीतरी झालंय.

हे सगळं मी परवा बाबांना फोनवर सांगितलं, भाजीवाल्या मावशींचा भाग जरा गाळून. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, मग त्या बाईंचं पुढे काय झालं, मिळाले का पैसे? म्हटलं नाही, घरातल्या मोलकरणीने घाईघाईने लग्न करून त्याच घरात संसार थाटला आणि बाईंना भाडेकरू म्हणून ठेवून घेतलं, मैत्रिणींनी गुपचूप वर्गणी काढली, एकीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला शंभर पौंडही नाही ती पण देते, आणि शेवटी मॅटीचा हरवलेला भाऊ पीटर आला, इंडियातून.

इंडियात काय करायचा?

निळीचा मळा होता त्याचा, तो विकून आला.

बाबा हसले. म्हणाले, निळीचा मळा? मग ते पैसे कोणाचे होते?

मला उत्तर सुचेना. बंगालात निळीच्या रयतेने उठाव केला १८५९ मध्ये, पुस्तकानंतर सहा वर्षांनी, हे मला माहीत होतं, पण मळेवाला पीटर घरी आला तेव्हा मी पण डोळे पुसत होते, हे काही मी बाबांना सांगितलं नाही. मग त्यांनीच विषय बदलला. आईला विचारत होते दाणे भाजून झाले का.