गुडघ्यांना जागा हवी
आज रेल्वेत पाच तास बसून आलो. उंची 6 फूट 3 इंच. पुढच्या सीटमागच्या जाळीची लोखंडी कड दोन्ही गुडघ्यांत रुतत होती, अजून वळ आहेत. पुढच्या काकांनी सीट मागे केली तेव्हा कळवळलोच. त्यांना काय बोलणार, त्यांचीही पाठ दुखत असेल.

खरं तर उंचीपेक्षा मांडीची लांबी नडते. दोन सीटमधलं अंतर मोजताना सीटच्या पाठीची जाडीही त्यातच धरतात, त्यामुळे आकड्यातली सगळी जागा गुडघ्यांच्या वाट्याला येत नाही. पाठ पातळ केली तरी दोन बोटं सुटतील! पाय दुमडून तासन्‌तास बसलं की पोटऱ्यांतलं रक्त वर चढायला मंदावतं, म्हणून मी सारखा उठून दारापर्यंत जात होतो. ते पाहून एका ताईंनी आपली वाटेकडची सीट दिली. एक पाय सरळ झाला आणि डोळ्यांत पाणीच आलं.