ठोकलेली टीटी: दुरुस्त करायची की सोडून द्यायची

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ताम्हिणीत माझी ऑडी टीटी, म्हणजे माझी छोटी स्पोर्ट्स कार, ठोकली. धो धो पाऊस, डोंगरावरून वाहून आलेला चिखल, वळणावर पुढची चाकं सुटली आणि डावीकडून थेट कठड्यावर. मी आणि बायको दोघंही धड बाहेर आलो, एअरबॅगच्या धुळीने खोकत. गाडी २०११ ची, मी सेकंडहँड घेतलेली, आणि खरं सांगतो, लहानपणापासून भिंतीवर जिचा फोटो होता तीच ही गाडी.

पुढचे दोन महिने घरात एकच विषय. करायची का नाही.

आधी पैशाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, १४ लाख होती. आपल्याकडे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, म्हणजे दुरुस्ती न करता गाडीचेच पैसे देते; माझ्यासाठी ती मर्यादा साडेदहा लाख, आणि वर्कशॉपचं एस्टिमेट आलं १९. दुरुस्तीचा क्लेम घेतला असता तरी घसारा कापलाच असता, आठ वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ४० टक्के, प्लास्टिक, टायर आणि एअरबॅगवर ५०, फक्त काचेवर काही कापत नाहीत. इथपर्यंत हिशोब सोपा होता. पण मग एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं की सर, टोटल लॉस घेऊच नका, दुसऱ्या ठोकलेल्या टीटीचं पुढचं तोंड कापून आणतो, जोडून देतो, साडेसात लाखात गाडी रस्त्यावर. तीन रात्री मला झोप नाही लागली, कारण मनाला तेच ऐकायचं होतं.

चौथ्या दिवशी मी एका जुन्या डेंटर काकांना घेऊन गेलो. त्यांनी खिशातून साधं चुंबक काढलं. दाराला लावलं, चिकटलं. बॉनेटला लावलं, घसरून खाली पडलं. म्हणाले, "बघ, पुढं ॲल्युमिनियम आहे, मागं लोखंड." मला हे वाचून माहीत होतं, या टीटीच्या बॉडीत साधारण ६९ टक्के ॲल्युमिनियम, आणि वजन पुढे-मागे नीट वाटलं जावं म्हणून दारं, डिकी आणि मागचा फ्लोअर स्टीलचा, पण त्या चुंबकाने ते जसं समजलं तसं वाचून समजलं नव्हतं. मग त्यांनी टॉर्च डाव्या एप्रनवर, म्हणजे बॉनेटखालच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, धरली आणि माझं बोट धरून आत नेलं. चेसिसच्या त्या लांब पट्टीला घडी पडली होती, रुमालाला पडते तशी, आणि घडीच्या टोकाला नखभर चीर.

ती नखभर चीर बघितली आणि माझा निर्णय तिथेच झाला. लोखंड चेसिस मशीनवर लावून खेचता येतं, जाणकार माणूस ते पुष्कळसं मापात आणतो. ॲल्युमिनियम एकदा दुमडलं की कडक होतं, खेचलं की तडकतं, आणि गॅस लावून मऊ केलं तर त्याची ताकदच जाते. म्हणून तो तुकडा अख्खा बदलावा लागतो, रिव्हेट आणि खास चिकटद्रव्याने, तेही वेगळ्या हत्यारांनी, लोखंड घासलेला ग्राइंडर त्याला लावला तर पुढे तिथेच गंज धरतो. साडेसात लाखात हे होत नाही. साडेसात लाखात होतो तो वरून चकचकीत पेंट. आणि पुढच्या वेळी कठडा आला तर तो धक्का त्या पट्टीने खायचा असतो, तिने नाही खाल्ला तर डावीकडे जो बसलाय त्याने. त्या दिवशी डावीकडे बायको होती.

म्हणजे ठोकलेली स्पोर्ट्स कार करूच नये असं मी अजिबात म्हणत नाहीये! बंपर, रेडिएटर, हेडलाइट, फेंडर, अगदी बंपरमागचे बोल्टचे क्रॅश बॉक्ससुद्धा, ते चेपायलाच केलेले असतात, बदला आणि खुशाल चालवा. मिस्टर बीन करणाऱ्या रोवन ॲटकिन्सनची मॅक्लॅरेन एफ१ ही स्पोर्ट्स कार २०११ मध्ये झाडावर आपटली, दुरुस्तीला विम्याने ९ लाख १० हजार पौंड मोजले, आणि तीच गाडी २०१५ मध्ये ८० लाख पौंडांना विकली गेली. पण तशा गाड्या जगात १०६च बनल्या, आणि काम ज्यांना ती गाडी माहीत आहे त्यांच्याच हातून झालं. माझ्यासारख्या टीटी लाखांनी बनल्या. माझीच का वाचवायची याला माझ्या प्रेमाशिवाय उत्तर नव्हतं, आणि प्रेमाने चेसिस सरळ होत नाही.

टोटल लॉस घेतला. एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली, आरसी रद्द करून घेतली. गाडी कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, बरेच जण ते करत नाहीत, आणि मग भंगारातल्या गाडीचा नंबर चोरीच्या गाडीवर चढतो. चेसिस नंबरचा कापलेला पत्रा मी स्वतः नेऊन दिला, हाताएवढा तुकडा, एका कडेला अजून तो लाल रंग होता.

कोणाची अशी गाडी गॅरेजमध्ये उभी असेल तर मला खाली लिहा. फोटो नकोत, चेसिस मशीनवर घेतलेल्या मापांचा कागद पाठवा, मग बोलू.