टोकोतली खरेदी

हेगमध्ये राहायचं आणि टोकोत जायचं नाही, असं होत नाही. टोको म्हणजे इंडोनेशियन वाणसामानाचं दुकान. १९४९ मध्ये नेदरलँड्सने इंडोनेशियाचं स्वातंत्र्य मान्य केलं, त्या धामधुमीच्या वर्षांत लाखो माणसं तिकडून इकडे आली, आणि मागोमाग त्यांची चवही आली. त्याचा फायदा आज आमच्यासारख्यांना!

चिंच, ओली हळद, गवती चहा, किसलेलं नारळाचं खोबरं, माडाच्या रसाचा गूळ... निम्मी यादी कोकणातलीच वाटते. तेरासी मात्र जपून. बारीक कोळंबी आंबवून केलेली ती वडी, तीन पिशव्यांत गुंडाळली तरी ट्रामभर वास. (सुक्या जवळ्यावर वाढलेल्या माणसाने तक्रार करू नये, पण शेजारी बसलेल्या आजोबांनी जागा बदलली.)

आज तेंपे घेतलं. शिजवलेलं सोयाबीन बुरशीने आंबवलं की त्याची घट्ट वडी होते, तेच. गल्ल्यावरच्या काकूंना इथे सगळे 'तांते' म्हणतात. त्या म्हणाल्या, "पातळ काप कर, लसूण-धणे-मिठाच्या पाण्यात मुरव, मग तळ." घरी तसंच केलं. नवऱ्याने ताटात यायच्या आधीच निम्मं संपवलं.

स्पेकूक, म्हणजे थरांचा केक, तेवढा राहिला. एकेक थर वेगळा भाजतात, अगदी गोव्याच्या बेबिंकाची सख्खी बहीण, पण किंमत बघून हात मागे घेतला.

तेंपेला आपली फोडणी देऊन कोणी काही केलंय का? "पनीरसारखं कर" सोडून काहीही सुचवा.