लाँचच्या आधी बर्डीत 'दिसलेला' फोन

२०२५ च्या पोळ्याला आठ-दहा दिवस उरले होते. दुपारच्या वेळी मी दुकानात एका फोनची फुगलेली बॅटरी काढत बसलो होतो. तेवढ्यात भाचा आला आणि हेल्मेट न काढताच म्हणाला, "मामा, आयफोन १७ प्रो पाहिला मी. बर्डीत. सोताच्या डोळ्यानं!" तोवर कंपनीने लाँचची तारीखसुद्धा सांगितली नव्हती.

नागपूरच्या गोकुळपेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. बर्डी म्हणजे सीताबर्डी, आमच्या शहरातली मोठी बाजारपेठ. भाच्याला मिहानमध्ये पहिली नोकरी लागून जेमतेम पाच महिने झाले होते. पगारातून त्याने थोडे पैसे बाजूला टाकले होते आणि ताईची भिशीही त्याच महिन्यात लागली होती. बर्डीत फोन दाखवणारा माणूस म्हणत होता, पंचवीस हजार आधी द्या, बाकीचे फोन हातात आल्यावर. भाच्याने दोन हजार टोकन म्हणून यूपीआयने देऊनही टाकले होते. ही गोष्ट त्याने सगळ्यात शेवटी, खाली बघत सांगितली.

मी रागावलो नाही. रागावलो असतो तर पोरगं माझ्याकडे परत आलं नसतं, थेट त्या माणसाकडे गेलं असतं. मी म्हटलं, "ठीक आहे, तू म्हणतोस ते खरं धरू. पण पंचवीस हजार द्यायच्या आधी एकेक गोष्ट तपासू. दोघं मिळून." त्याला ते पटलं.

सुरुवात फोटोपासून केली. नारिंगी पाठ, वरच्या भागात या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेला कॅमेऱ्याचा उंचवटा, एका बाजूला तीन लेन्स, दुसऱ्या बाजूला फ्लॅश. संत्र्याच्या गावात संत्र्याच्या रंगाचा फोन येणार म्हणून भाचा आधीच हरखला होता. फोटो स्वच्छ होता आणि आकार अगदी बरोबर. अडचण तिथेच होती. तो आकार कित्येक महिन्यांपासून जगभर फिरत होता. फोन बाजारात येईल त्या दिवशी कव्हर तयार पाहिजेत म्हणून कव्हर बनवणाऱ्यांना मापं खूप आधी लागतात. त्या मापांवरून धातूच्या डमी घडवतात आणि त्यावर कव्हर बसवून बघतात. मी ड्रॉवर उघडून त्याला दाखवलं. बर्डीतल्या माझ्या होलसेलवाल्याने '१७ प्रो' लिहिलेली चार कव्हरं ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात दिली होती. फोनचा पत्ता नाही, पण कव्हर माझ्या ड्रॉवरमध्ये! भाचा ते कव्हर बोटांनी चाचपत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाने व्हिडिओ पाठवला. अठरा सेकंदांचा. आधी नारिंगी पाठ, मग कट, मग चालू स्क्रीन. त्या स्क्रीनवर फोनची माहिती दाखवणारं एक ॲप उघडलेलं होतं आणि मॉडेलच्या जागी 'आयफोन१७,१' असं लिहिलेलं होतं.

"आता बोला मामा! सतरा लिहून राहिला तो."

मला इथे थांबून त्याला नीट सांगावं लागलं. आयफोनच्या पोटात कंपनीचा स्वतःचा एक क्रमांक असतो आणि तो दुकानातल्या नावाशी जुळत नाही. 'आयफोन१७,१' हा १६ प्रोचा क्रमांक आहे, १६ प्रो मॅक्सचा '१७,२'. नाव १६ आणि आतला आकडा १७, म्हणून भले भले फसतात. मी खात्री म्हणून दुरुस्तीला आलेला एक १६ प्रो घेतला, त्याच्या मालकाला विचारून तेच ॲप टाकलं आणि स्क्रीन भाच्यासमोर धरली. अक्षर न् अक्षर तेच. त्या माणसाने १६ प्रोची स्क्रीन दाखवली होती. जो पुरावा म्हणून पाठवला, त्यानेच त्याचं बिंग फोडलं.

व्हिडिओतला तो कटही बघायला सांगितलं. चालू स्क्रीन आणि पाठ एकाच शॉटमध्ये, न थांबवता फोन हातात फिरवून कुठेही दाखवलेली नव्हती. खरा फोन हातात असलेल्या माणसाला ते करायला तीन सेकंद लागतात. भाच्याने तसा व्हिडिओ मागितला. उत्तर आलं, "कंपनीने लांबूनच लॉक केला, आता चालू होत नाही."

हे कारण अगदीच हवेतलं नव्हतं, म्हणून मी त्याला २०१० ची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीमधल्या एका बारमध्ये ॲपलच्या इंजिनिअरकडून न आलेला आयफोन ४ राहून गेला. तो ज्याला सापडला, त्याच्याकडून गिझमोडो या संकेतस्थळाने पाच हजार डॉलरला घेतला. त्यांच्या हातात येईपर्यंत तो खरोखरच लांबून बंद केलेला होता. तरीही तो खरा असल्याचं कळलं, कारण संगणकाला जोडल्यावर संगणक त्याला आयफोन म्हणून ओळखत होता आणि उघडल्यावर आत ॲपलच्या नावाचे भाग निघाले. पुढे तर कंपनीनेच तो परत मागणारं पत्र पाठवलं. म्हणजे बंद पडलेला फोनही पुष्कळ काही सांगतो. फक्त तो उघडू द्यायची तयारी पाहिजे.

"मग हाही तसाच असू शकते न!" भाचा म्हणाला. पोराचा मुद्दा चूक नव्हता. जुलैच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर एका माणसाच्या हातात १७ प्रो दिसल्याचा फोटो फिरला होता, तोही त्याने काढून दाखवला. २०१८ मध्ये गुगलचा पिक्सेल ३ एक्सएल लाँचच्या कितीतरी आठवडे आधी लोकांच्या हातात आला होता, हे मलाही आठवत होतं. लाँचच्या आधी फोन कुणालाच दिसत नाही असं मी म्हणूच शकत नव्हतो.

पण या गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या की फरक डोळ्यांत भरतो. बारमधला आयफोन ४ जुन्या ३जीएससारखा दिसावा म्हणून खास कव्हरमध्ये लपवलेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या फोटोतला फोनही काळ्या जाड कव्हरमध्ये होता. ज्याच्याकडे खरा चाचणीचा फोन असतो तो त्याचं रूप झाकतो, कारण त्याची नोकरी त्यावर असते. पिक्सेल उघडा दिसला, पण तो चालत होता. त्याने काढलेले फोटोसुद्धा लोकांनी पाहिले. आपल्या माणसाचा फोन मात्र उघडा, नारिंगी, चकचकीत आणि बंद.

मग भाच्याला ज्याने खरंच विचारात पाडलं ते सांगितलं. आयफोन ४ विकणाऱ्या दोघांवर खटला झाला आणि २०११ मध्ये त्यांना एक वर्षाचं प्रोबेशन आणि ४० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. म्हटलं, "बेटा, तो फोन खोटा असेल तर तुझ्या आईच्या भिशीचे पैसे गेले. आणि खरा असेल तर तो चोरीचा माल आहे. यातली कोणती गोष्ट तुला हवी आहे?" तो बराच वेळ काही बोलला नाही.

तरी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, मागवायला लावला. व्हॉट्सॲपवर पंधरा आकडे आले. मी बिलबुकाच्या मागच्या पानावर ते लिहिले. दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करायचे, दुप्पट दोन आकडी झाली तर ते दोन्ही अंक मिळवायचे, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज दहाने पूर्ण भागली गेली पाहिजे. बेरीज ६० आली. भाच्याचा चेहरा पुन्हा उजळला. मी म्हटलं, थांब, यावरून एवढंच कळतं की आकडे नियमात बसतात. पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात. मग केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ या सरकारी सेवेच्या नंबरवर पाठवला. उत्तरात ब्रँड ॲपल होता आणि मॉडेल आयफोन १२. न आलेल्या फोनचं नाव तिथे दिसलंच असतं असं नाही, हे मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. पण दुसऱ्याच फोनचं नाव तर यायला नको होतं! कुणाच्या तरी जुन्या फोनचा नंबर उचलून दिला होता. नंबर नेहमी फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून त्या स्क्रीनवर बघायचा, दुसऱ्याने लिहून दिलेला धरायचा नाही, हे मी दुकानात रोज दहा जणांना सांगतो.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण भाच्याने तो फोन हातात धरला होता. डोळ्यांनी पाहिलेलं आणि हाताला लागलेलं मनातून निघत नाही. शेवटी मी म्हटलं, चल, मलाही बघू दे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुंजे चौकात, मेट्रो स्टेशनच्या खाली भेटायचं ठरलं. बर्डीत पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्याच्या कडेला तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी मांडलेले, बोटभर उंचीपासून पोराच्या कमरेपर्यंत. तो माणूस आला, बोलायला गोड होता. खिशातून मऊ कापडात गुंडाळलेला फोन काढून माझ्या तळहातावर ठेवला.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मलाही तो खरा वाटला. थंडगार धातू, कडा सुरेख घासलेल्या, रंग एकसारखा. मी खिशातलं १७ प्रोचं कव्हर काढून त्यावर चढवलं. टक्‌कन बसलं. तो माणूस हसला, "पाहा, बसलं न भाऊ!" भाच्यानेही माझ्याकडे पाहिलं. पण कव्हर ज्या मापावरून बनलं त्याच मापावरून ती वस्तूही बनली असेल तर ते बसणारच. दोन साक्षीदार एकाच मास्तरकडे शिकलेले.

मग मी माझ्या फोनचा टॉर्च लावला आणि खालच्या चार्जिंगच्या भोकात प्रकाश सोडला. आयफोन १५ पासून तिथे टाइप सी आहे. त्यात मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर सोनेरी पट्ट्यांची रांग असते. इथे जीभ नव्हती, पट्ट्या नव्हत्या. नुसती आंधळी खाच, तळाला त्याच धातूचा घासलेला पृष्ठभाग. बाजूचे स्क्रू बघितले. पाच पाकळ्यांचे खरे स्क्रू मी रोज फिरवतो. इथे पाकळ्या फक्त कोरलेल्या होत्या, स्क्रूभोवती रेघच नव्हती. लेन्सवर टॉर्च धरला तर खऱ्या काचेतून जांभळी-हिरवट झाक परत येते. इथे फक्त काळं. बाजूचं बटण दाबलं, ते हललंच नाही.

मी काही न बोलता टॉर्च आणि ती वस्तू भाच्याच्या हातात दिली. म्हटलं, तूच पाहा. त्याने भोकात पाहिलं, पुन्हा पाहिलं, नखाने स्क्रू चाचपला. मग वस्तू त्या माणसाला परत देऊन म्हणाला, "भाऊ, माझे दोन हजार द्या." तो म्हणाला, संध्याकाळी टाकतो. आणि गर्दीत गेला. त्याचा नंबर त्या संध्याकाळपासून बंद आहे.

परत येताना भाचा नंदीच्या एका दुकानासमोर थांबला. मी एक नंदी उचलून म्हटलं, "शिंगं, वशिंड, झूल सगळं बैलासारखंच आहे न? ज्याने घडवला त्याने बैल नीट पाहिला आहे. पण हा दिसला म्हणून कुणी बैल पाहिला म्हणत नाही." त्याने तो नंदी विकत घेतला, शेजारच्या छोट्या पोरासाठी.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक दिला. पैसे अजून आलेले नाहीत. दोन हजार ही लहान रक्कम नाही, पहिल्या नोकरीतल्या पोरासाठी तर नाहीच. आणि अशी पोरं या एका माणसाकडे अजून किती गेली असतील, हे मनातून जात नाही.

९ सप्टेंबरच्या रात्री साडेदहाला महाल भागातल्या ताईच्या घरी आम्ही सगळे लाँच बघायला बसलो. पडद्यावर नारिंगी १७ प्रो आला. कडेपासून कडेपर्यंत तोच उंचवटा. भाचा हळूच म्हणाला, "तसाच आहे मामा." मी म्हटलं, "हो, तसाच आहे." भारतातली किंमत १,३४,९०० पासून, हे कळल्यावर त्याने भिशीचं पाकीट ताईकडे परत दिलं. विक्री १९ सप्टेंबरला सुरू झाली.

त्यानंतर आठवडाभराने एक गिऱ्हाईक नारिंगी १७ प्रो घेऊन टेम्पर्ड ग्लास लावायला आलं. भाचा काउंटरवरच बसला होता. "काका, जरा हातात घेऊ का?" असं विचारून त्याने फोन घेतला, स्क्रीन चालू असतानाच एकदा उलटा केला, मग खिशातून स्वतःचा फोन काढून टॉर्च लावला आणि खालच्या भोकाजवळ नेला.

"मामा," तो म्हणाला, "जीभ दिसून राहिली."