आबांनी खिशात ठेवलेली काट्याची चिठ्ठी

आबांच्या हातात वजनकाट्याची चिठ्ठी दिली, त्यांनी चष्मा लावून ती तीनदा वाचली, मागं काय लिहिलंय ते माझ्याकडून मराठीत सांगून घेतलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली, ती काय परत दिलीच नाही. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. कॅम्परचं काम कुठवर आलं म्हणून कोल्हापुरातनं बऱ्याच जणांनी विचारलं होतं, ते पण सांगते, पण खरं बोलायचंय ते काट्याबद्दल.

ज्यांनी फोटो बघितले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. इथं अमेरिकेत आमची फोर्ड एफ-१५० पिकअप आहे, तिच्या मागच्या हौद्यात बसणारं हे छोटं घर. छत खाली बसवून रस्त्याला लागायचं, मुक्कामाला पोचलं की आतनं छताला खांदा लावून वर ढकलायचं, चारी बाजूंनी जाड व्हिनाइलच्या कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत सरळ उभं राहता येतं. छत खाली असलं की वाऱ्याला अडत नाही, फांद्या लागत नाहीत, कच्च्या रस्त्यावर गाडी कमी डुलते. जुना सांगाडा मिळाला, तळाचा प्लायवूड कुजलेला होता, सगळं काढून टाकलं, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम तेवढी ठेवली आणि बाकी मी आणि नवऱ्यानं दीड वर्ष शनिवार-रविवार घालवून नव्यानं केलं.

आता मुद्दा. इथं ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्याच्या वर वजन कधीही घालू नका. आमच्या गाडीचा आकडा १,६५० पाउंड, म्हणजे ७४८ किलो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा आकडा वेगळा असू शकतो, कारण कुठलं इंजिन, कुठल्या सीट यावर तो ठरतो. या ७४८ किलोत मी आले, नवरा आला, सांगाडा, पाणी, बॅटऱ्या, गॅस, गादी, तांदळाचा डबा सगळं आलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, इतकी दणकट गाडी आणि एवढंच?

दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो लगेच म्हणाला, "मागं दोन पाटे वाढव की, बसणार न्हाई गाडी." पाटे म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवणारा माणूस दुसरं काय सांगणार, आणि पाटे वाढवले की गाडी बसत नाही हेही खरंच आहे. पण गाडी सरळ उभी राहिली म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत, अ‍ॅक्सल, रिम, टायर तेच राहतात, स्टिकरवरचा आकडा तसूभर हलत नाही. इथं आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगदा आहे, ११,००० फुटांच्या वर, तिथनं डेन्व्हरकडं उतरायला लागलं की मैलच्या मैल उतार, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढ करून ठेवलेत. आपल्याकडं करूळ घाट उतरताना पुढच्या एसटीच्या मागनं बेतानं जातो, इथं मागनं ट्रक पळत येत असतात. दादा चुकीचं बोलला असं मी म्हणणार नाही, तो त्याच्या रस्त्याचं बोलला. शेतातनं कारखान्यापर्यंत धिम्यानं जाणारी ट्रॉली आणि ताशी ७५ मैलाच्या रस्त्यावरची पिकअप यांचा हिशोब एक नसतो, एवढंच.

तर वजन करायचं ठरलं. आई-आबा तेव्हा इथंच होते. नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्याच्या जागी आबा बसले, दोघांचं वजन जवळपास सारखंच आहे. पाण्याची टाकी भरली, पेट्रोल फुल केलं, आईनं भरलेले डबे पण ठेवले आणि हायवेवरच्या ट्रक स्टॉपला गेलो.

इथल्या बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा काटा असतो. पुढची चाकं एका प्लेटवर, मागची दुसऱ्या प्लेटवर उभी करायची. बोलायचं बटण मोठ्या ट्रकच्या खिडकीच्या उंचीवर असल्यामुळं मला गाडीतनं उतरून हात वर करून दाबावं लागलं. आतली बाई विचारते, पहिलं वजन की परत वजन, कारण २४ तासांच्या आत परत केलं तर पैसे कमी पडतात. एका मिनिटात काम झालं, मग आत काउंटरला जाऊन चिठ्ठी घ्यायची.

पुढचा अ‍ॅक्सल ३,१८०, मागचा ४,०८०, एकूण ७,२६० पाउंड. गाडीच्या स्वतःच्या वजनासकट एकूण मर्यादा ७,०५० आणि मागच्या अ‍ॅक्सलची ३,८००. म्हणजे एकूण ९५ किलो जादा आणि मागच्या अ‍ॅक्सलवर तर १२७ किलो जादा. माझं तोंडच पडलं, दीड वर्षाचं काम. आबा मात्र आकडा बघतच नव्हते, त्यांचं भलतंच चाललेलं.

"ह्यो काटा कुणाचा?"

"कंपनीचा आहे आबा."

"म्हंजे सरकारचा न्हवं. मग सरकारच्या काट्यावर येगळं निघालं तर?"

तेव्हा मी त्यांना चिठ्ठीच्या मागं छापलेली गॅरंटी वाचून दाखवली. या काट्यावर वजन कायद्यात बसतंय असं निघालं आणि पुढं ड्रायव्हरला जादा वजनाचा दंड झाला, तर कंपनी आधी आपला काटा तपासते. काटा चुकला असेल तर दंड कंपनी भरते, आणि काटा बरोबर असेल तर कंपनीचा माणूस ड्रायव्हरबरोबर कोर्टात साक्षीला उभा राहतो. आबांनी हे मला दोनदा सांगायला लावलं. "काटेवाला साक्षीला येतो?" म्हणाले, "शेतकऱ्याच्या बाजूनं?" मी म्हटलं ड्रायव्हरच्या बाजूनं. "त्येच की," म्हणाले आणि चिठ्ठी खिशात गेली.

ज्यांच्या घरचा ऊस कारखान्याला गेलाय त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. आमच्या लहानपणी एका हंगामात आबांनी दोन ट्रॉल्या भरून पहिल्यांदा बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतलं आणि मग कारखान्यावर नेल्या. तिथं भरून काटा झाला, गव्हाणीवर खाली केल्या, रिकामा काटा झाला आणि चिठ्ठी आली ती अर्धा टन कमी. आबांनी बाहेरची चिठ्ठी दाखवली, तर तिथल्या माणसानं हातात घेऊन बघितलीसुद्धा नाही, आमच्यात बाहेरचा काटा चालत नाही म्हणाला. पुढच्या खेपेला त्यांच्या ट्रॉल्या दिवसभर यार्डात उभ्या. ऊस वाळला की वजन आणखी घटतं, ते वेगळंच. आबा रात्री घरी आले, जेवले नाहीत, दोन्ही चिठ्ठ्या देवघराच्या फळीवर ठेवल्या, त्या कित्येक वर्षं तिथंच होत्या. अर्ध्या टनाच्या पैशात तेव्हा माझी वर्षाची वह्या-पुस्तकं झाली असती.

म्हणून इथली मराठी मंडळी जेव्हा पार्टीत म्हणतात की आपल्या लोकांना ओव्हरलोडिंग म्हणजे काय तेच कळत नाही, तेव्हा मला राग येतो आणि मी तो दाखवते. कळत नाही असं कसं? चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली की काय होतं हे आमच्या गावच्या शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे. पण खेप मोजून पैसे, डिझेल महाग, नंबर लागायला रात्र जाते, मग दोन खेपांचा माल एका खेपेत जाणारच. आणि ज्या काट्यावर विश्वासच नाही त्याच्या आकड्याप्रमाणं गाडी कोण भरणार? इथं लोक स्टिकर पाळतात कारण काटा खरा आहे. माणसं तीच असतात. मी इकडं आले ते काही काट्यामुळं नाही, नोकरी होती म्हणून आले, शेत वाटेकऱ्याकडं आहे आणि दादा बघतो, पण त्या दिवशी त्या काउंटरपाशी उभी असताना इथं राहण्याबद्दल मनात जे कायम टोचत असतं ते थोडा वेळ टोचलं नाही, हे पण लिहून टाकते.

तर मग ९५ किलो काढायचे होते. पाण्याची टाकी २० गॅलनची होती, ती बदलून १० ची केली, म्हणजे ३८ लिटर पाणी कमी, तेवढेच ३८ किलो. लेड-अ‍ॅसिडच्या दोन बॅटऱ्या काढून १०० अँपिअर-अवरची एकच लिथियम आयर्न फॉस्फेटची घातली. लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, लिथियम जवळपास सगळी वापरता येते, त्यामुळं दोनचं काम एक करते आणि ४५ किलो वाचले. एकच पथ्य, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, म्हणून तिला आत, हीटरच्या जवळ जागा दिली. १८ मिलीमीटर प्लायवूडची कपाटं मी हौसेनं केली होती, ती उचकटताना जिवावर आलं, आता अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन आणि ६ मिलीमीटरचा प्लाय. टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागं होती, ती पुढं केबिनच्या भिंतीला आणली. अ‍ॅक्सलच्या मागं वजन असलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. आबा म्हणाले, "ह्ये आम्ही ऊस भरतानाच बघतो."

गॅसच्या पेटीला हात लावला नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाला साचतो, म्हणून पेटी आतनं पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडणारं भोक. आईचा लोखंडी खलबत्ता पण ठेवला. चार किलो आहे, नवऱ्यानं दोनदा बाहेर काढला, मी दोनदा परत ठेवला.

कॅम्पर हौद्याला धरून ठेवायला चार टर्नबकल (फिरवून ताण देता येणारे आकडे) आणि चार आयबोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट) लागतात. हौद्याचा पत्रा पातळ, नुसतं भोक पाडून बोल्ट घातला तर खड्ड्यात झटका बसून पत्राच फाटतो, खालनं मोठी प्लेट द्यावी लागते. आमच्या गाडीचा हौदा अ‍ॅल्युमिनियमचा, त्याला लोखंडी प्लेट लावली तर ओल धरून दोन्हींच्या मध्ये गंज खातो, म्हणून प्लेटही अ‍ॅल्युमिनियमचीच हवी होती. इथल्या एका शॉपनं चार आठवडे लागतील म्हणून सांगितलं. दादाला रात्री मापं पाठवली, १५० बाय १५०, जाडी ६ मिलीमीटर, आणि आबा इकडं आले तेव्हा त्यांच्या बॅगेतनं प्लेटा आल्या. कडा घासून गोल केलेल्या, हात फिरवला तर कुठं बोचत नाही, भोकाच्या तोंडाला चॅम्फर मारलेलं, म्हणजे कड तिरकी काढलेली, आणि मी सांगितलंही नव्हतं तरी प्रत्येक बोल्टला लेथवर काढलेला नायलॉनचा बुश आणि वायसर, म्हणजे स्टेनलेसचा बोल्ट कुठंच अ‍ॅल्युमिनियमला टेकत नाही. चारी प्लेटा मिळून दीड किलोच्या आत. शंभरेक वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला ते आमचं गाव आहे. शेजारच्या रिटायर्ड वेल्डर आजोबांनी प्लेट उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, हे कुठल्या शॉपचं काम? मी शॉपचं नाव नाही, भावाचं नाव सांगितलं.

आई-आबा ऑक्टोबरमध्ये परत गेले. त्यानंतर परत काट्यावर गेलो, या वेळी नवऱ्याबरोबर, नवी टाकी पाण्यानं भरून आणि पेट्रोल फुल करून. पुढं ३,२४०, मागं ३,७६०, एकूण ७,०००. ५० पाउंड शिल्लक, मागचा अ‍ॅक्सलही आकड्याच्या आत. चिठ्ठीचा फोटो लगेच कोल्हापूरला पाठवला. तिकडं पहाटेचे साडेचार झाले होते, तरी पाच मिनिटांत आबांचा फोन आला. म्हणाले फोटो नको, ही चिठ्ठी पण जपून ठेव, दादा पुढच्या वर्षी येणार आहे त्याच्याकडं दे.