माजो बिलाचो प्रोग्राम चलाक होयो

देवगडला काकांकडचा जुना डेस्कटॉप जूनमध्ये गेला. मदरबोर्डच गेला, खाऱ्या हवेने पोर्ट हिरवे पडलेले, उघडल्यावर वाटलं हा इतकी वर्षं चालला कसा. हार्ड डिस्क वाचली हे नशीब, कारण आंब्याच्या पेट्यांची सगळी बिलं आणि कोणाकडे किती येणं हे सगळं विंडोजवरच्या एका जुनाट प्रोग्राममध्ये, आणि आता घरात उरलेल्या लॅपटॉपवर मी डेबियन १३ (एक प्रकारचं लिनक्स) टाकलेलं. वाईनवर, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीवर, प्रोग्राम उघडला पण प्रिंट काढताना बंद पडायचा. काका म्हणाले, "ता वाईन-बिईन माका सांगू नको, माजो बिलाचो प्रोग्राम चलाक होयो."

मग व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा, खोटा कॉम्प्युटर. चुलतभाऊ म्हणाला व्हर्च्युअलबॉक्स टाक, सोपं असतं. आता डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत व्हर्च्युअलबॉक्स मिळतच नाही, बाहेरून पॅकेज आणावं लागतं, तेही आणलं, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारं कुलूप) चालू असल्यामुळे त्याचं मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) जोडायचा तुकडा, लोड होईना म्हणून तेही बंद केलं, आणि मशीन चालू केल्यावर एरर, की व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) दुसरंच कोणीतरी वापरतंय. दुसरं कोण? तर केव्हीएम, लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय. कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल लोड झालं की लगेच प्रोसेसरची ती सोय ताब्यात घेऊन बसतं, तुम्ही एकही मशीन चालवत नसलात तरी. बूटच्या ओळीत एक पॅरामीटर टाकून हे बंद करता येतं, पण मी म्हटलं, जो आधीच घरात बसलाय त्यालाच कामाला का लावू नये? २००७ पासून, २.६.२० आवृत्तीपासून केव्हीएम कर्नलमध्येच आहे, आणि आपण उगीच बाहेरून पाहुणा आणतोय.

डेबियनवर ॲप्टने (पॅकेज घालायच्या कमांडने) मशीन चालवणारा क्यूईएमयू, मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टचं डीमन-सिस्टम पॅकेज आणि त्याची खिडकी म्हणजे व्हर्ट-मॅनेजर एवढंच घ्यायचं. त्याआधी एलएससीपीयू ही कमांड चालवून व्हर्च्युअलायझेशनची ओळ दिसते का बघा, नसेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करा (एएमडीवर त्याला बऱ्याचदा एसव्हीएम म्हणतात, मी इंटेलची नावं शोधत अर्धा तास घालवलेला एकदा). मग स्वतःला लिबव्हर्ट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. हे लॉगआउट सगळे विसरतात, मीही विसरलो.

पुढचे दोन अडथळे ठरलेले. एक, नेटवर्क 'डीफॉल्ट' चालू नाही असं म्हणतो, ते विर्श या कमांडने चालू करून ऑटोस्टार्टला लावायचं. दुसरा, विंडोजची आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कची फाइल) डाउनलोड्समध्ये ठेवली तर परवानगी नाही म्हणतो, कारण क्यूईएमयू वेगळ्या युजरच्या नावाने चालतो आणि त्याला तुमच्या होममध्ये शिरता येत नाही. फाइल उचलून लिबव्हर्टच्या इमेजेस फोल्डरमध्ये टाका, विषय संपला.

मशीनमध्ये विंडोज १० घातलं. डिस्क व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीचा वेगवान प्रकार) निवडली तर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, घाबरू नका, व्हर्टआयओ-विन ची आयएसओ दुसऱ्या सीडीसारखी जोडून ड्रायव्हर लोड करा. नेटवर्क कार्ड मी सरळ काढूनच टाकलं, विंडोज १० ला ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे अपडेट बंद झालेत आणि काकांना बिलासाठी इंटरनेट कशाला.

हाच प्रकार भावाच्या फेडोरा लिनक्सवर अजून सोपा, डीएनएफला (तिथली पॅकेज घालायची कमांड) व्हर्च्युअलायझेशन ग्रुप सांगितला की सगळं एका दमात येतं. आर्च लिनक्सवाल्या मित्राला मात्र सर्व्हिस स्वतः चालू करायला लागली आणि डीएनएसमास्क (मशीनला नेटवर्कचा पत्ता देणारा प्रोग्राम) टाकायचं राहिल्यामुळे नेटवर्क उठेना. त्याला वर वायफायवर ब्रिज (म्हणजे मशीन थेट घरच्या नेटवर्कवर) हवा होता, तो होत नाही रे बाबा, राउटर जोडलेल्या कार्डाच्याच पत्त्यावरचं बोलणं ऐकतो, मशीनचा वेगळा पत्ता बघितला की टाकून देतो. नॅटवर (लॅपटॉपच्याच पत्त्यामागून) राहा नाहीतर केबल ओढ.

काकांचा प्रिंटर यूएसबीचा, तो व्हर्ट-मॅनेजरमध्ये हार्डवेअर जोडा म्हणून यूएसबी होस्ट डिव्हाइस निवडला की थेट विंडोजच्या ताब्यात जातो. ह्याच्यावर माझा सगळ्यात कमी वेळ गेला आणि काकांना सगळ्यात जास्त आनंद झाला.

राहिली लाईट. पावसात आमच्याकडे ती कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉपची बॅटरी जुनी, वीस मिनिटं जेमतेम. म्हणून काकांना शिकवलं, लाईट गेली की मेनूमधलं 'सेव्ह' दाबायचं, मशीन मेमरीसकट डिस्कवर झोपतं आणि परत चालू केलं की बिल जिथे होतं तिथेच उघडतं. लॅपटॉप बंद करताना विसरलेच तर लिबव्हर्ट-गेस्ट्स सर्व्हिसला तेच, म्हणजे सस्पेंड, करायला सांगून ठेवलंय.

काल रात्री फोन आला, "लाईट गेली, सेव केलंय, आता आणि काय करू?" म्हटलं काही नको, झोपा.